जातिलुविह: बालीच्या भातगावात फिरायला किंवा पैसे गुंतवायला जाण्याआधी

जातिलुविह हे बाली बेटावरच्या तबानान जिल्ह्यातलं, पेनेबेल तालुक्यातलं गाव. पाठीशी २,२७६ मीटर उंचीचा बातुकारू डोंगर, आणि त्याच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, एकाखाली एक उतरत गेलेली सुमारे ३०० हेक्टर भातखाचरं. २०१२ साली युनेस्कोने बालीच्या ‘सुबाक’ या पाणीव्यवस्थेला जागतिक वारसा मानलं. त्या वारशात पाच ठिकाणं आणि एकूण १९,५०० हेक्टर क्षेत्र आहे, आणि बातुकारूच्या पट्ट्यात जातिलुविह येतं. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जगातल्या उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीतही या गावाला घेतलं.

गावाचं नाव असं झालं की दोन प्रकारची माणसं येतात: फिरणारी आणि जमीन शोधणारी. हा लेख दोघांसाठी आहे. फिरणाऱ्याचं चुकलं तर फार तर एक दिवस वाया जाईल. जमीन शोधणाऱ्याचं चुकलं तर आयुष्यभराची पुंजी जाऊ शकते, म्हणून त्याचा भाग जरा लांब आहे.

आधी पाणी कसं वाटलं जातं ते समजून घ्या

इथलं सगळं पाण्यापासून सुरू होतं. बातुकारूच्या जंगलातून झरे-ओढे निघतात, ते बांध घालून पाटात वळवले जातात, काही ठिकाणी डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून नेले जातात, आणि मग खाचरातून खाचरात उतरत जातात. एका पाण्यावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून जी संघटना, ती सुबाक. तिची हद्द गावाच्या हद्दीशी जुळेलच असं नाही, कारण ती पाण्यावरून ठरते. ही व्यवस्था हजारेक वर्षं तरी जुनी आहे. अकराव्या शतकातल्या लेखांत तिचा उल्लेख सापडतो.

धुळ्याकडची पांझरेकाठची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच कळेल. तिथेही बंधाऱ्याचं पाणी कुणी, कधी, किती घ्यायचं आणि कुठल्या फडात कुठलं पीक घ्यायचं, हे लाभधारक मिळून ठरवत आले. बालीत त्याला देवळाची जोड आहे. प्रत्येक सुबाकची स्वतःची देवळं असतात, भाताची देवता म्हणजे ‘देवी श्री’, आणि पाणी सोडण्यापासून कणगी भरण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला विधी. जातिलुविहमध्ये पाणी येण्याचा विधी, रोपं टाकण्याचा, लावणीचा, भात पोटरीवर आल्याचा, किडीपासून राखणीचा आणि शेवटी भात कोठारात ठेवल्यावरचा, असे सगळे आजही होतात.

सुबाकच्या प्रमुखाला पेकासेह म्हणतात. नियम ‘आविग-आविग’ या संहितेत असतात आणि ते मोडले तर दंड होतो. पाण्याची वाटणी लाकडी किंवा सिमेंटच्या खाचा पाडलेल्या आडव्या पट्टीवरून होते. ज्याचं क्षेत्र जास्त, त्याची खाच रुंद. पाटाची सफाई, दुरुस्ती आणि देवळाचा खर्च हे सभासदांचं सामायिक काम. जातिलुविहची सुबाक सात उपगटांत विभागलेली आहे.

हे सगळं ‘संस्कृती’च्या कप्प्यात टाकून पुढे जाऊ नका. १९७० च्या दशकात सरकारने कमी दिवसांत येणारी जास्त उत्पादनाची वाणं आणली आणि ज्याला जमेल तेव्हा सतत लावणी करा असं सांगितलं. देवळांनी ठरवलेलं वेळापत्रक मोडलं. शेजारशेजारच्या शेतांत बाराही महिने कोवळं भात मिळायला लागल्यावर तपकिरी तुडतुडे आणि रोग थांबेनात. पुढे स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसंस्थांचे अभ्यासक यांनी संगणकावर प्रारूप मांडून दाखवलं की सगळ्यांनी एकाच वेळी शेत पड ठेवलं तर किडीला खायला उरत नाही, पण सगळ्यांनी एकाच वेळी लावलं तर पाणी पुरत नाही. आणि या दोन्हींचा मेळ पाणदेवळांच्या जाळ्याने पिढ्यान्‌पिढ्या चांगला घातला होता. म्हणजे एका खाचराचं गणित शेजारच्या पन्नास खाचरांवर अवलंबून असतं. गुंतवणुकीचा विचार करणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

कधी जावं

इथे वर्षातून दोन पिकं निघतात. पहिलं स्थानिक गरवं (उशिरा तयार होणारं) भात, त्यात लाल तांदळाचा मान मोठा. साधारण जानेवारीत लावणी आणि जून-जुलैत कापणी, म्हणजे सहा महिन्यांच्या आसपास. या हंगामात पारंपरिक वाणच लावायचं हा सुबाकचा नियम आहे. दुसरं हळवं (लवकर तयार होणारं) पांढरं भात ऑगस्ट-सप्टेंबरनंतर लागतं.

त्यामुळे ‘बालीचा सीझन’ आणि भाताचा सीझन वेगवेगळे. दाट हिरवं बघायचं तर मार्च ते मे. पिवळसर सोनेरी उतार आणि कापणी बघायची तर जूनचा शेवट ते जुलै. उंच वाढणारं जुनं भात ओंबी-ओंबीने, मुठीत मावणाऱ्या छोट्या पात्याने कापण्याची पद्धत अजून दिसते. ऑगस्टच्या मध्याला गेलात तर बरीच खाचरं चिखलाची किंवा रिकामी असतील. मला स्वतःला पाणी भरलेली, आभाळ दिसणारी खाचरं सगळ्यात आवडतात, पण फोटोंवरून मनात हिरवं चित्र घेऊन आलेला माणूस तेव्हा नाराज होतो.

पाऊस ढोबळमानाने नोव्हेंबर ते मार्च. या उंचीवर कोरड्या दिवसांतही दुपारनंतर ढग उतरतात, म्हणून सकाळी आठपर्यंत पोचलात तर डोंगर दिसेल आणि गर्दीही नसेल.

तारखा ठरवताना न्येपी बघून घ्या. बालीच्या शक पंचांगाचं हे नववर्ष, आणि त्या दिवशी अख्खं बेट बंद असतं: रस्ते, दिवे, दुकानं, विमानतळसुद्धा, चोवीस तास. पर्यटकालाही राहत्या जागेबाहेर पडता येत नाही. २०२६ साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला आले, आणि दोन्हीकडे शके १९४८ च लागलं. दर वर्षी असं जुळत नाही. कधी एका दिवसाचा, कधी महिन्याचा फरक पडतो, म्हणून आपल्या कालनिर्णयावर विसंबू नका.

कागदपत्रं आणि रस्ता

भारतीय पासपोर्टवर आगमनानंतरचा व्हिसा मिळतो. त्याची फी ५ लाख रुपियाह (इंडोनेशियाचं चलन), मुदत ३० दिवस, आणि ती एकदा आणखी ३० दिवसांनी वाढवता येते. ऑनलाइन आधीच काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. शिवाय बाली प्रांताची दीड लाख रुपियाहची पर्यटक वर्गणी आहे, १४ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेली; ती ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. आकडे बघून छाती दडपते, पण आपल्या एका रुपयाला १८०-१९० रुपियाह पडतात, तेव्हा वर्गणी आठशे रुपयांच्या आसपासची.

विमानतळापासून गाव साठेक किलोमीटर, वेळ मात्र दोन तास धरा. दक्षिण बालीतली वाहतूक वेळ खाते. उबुदहून दीड तास लागतो. गावापर्यंत भरवशाची सार्वजनिक बस नाही. चालकासह दिवसभराची गाडी ठरवणं चौघांना परवडतं. स्कूटर घ्यायची तर भारतातून आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, त्यावर दुचाकीचा शिक्का आणि डोक्यावर हेल्मेट. यातलं काही नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. शेवटचे काही किलोमीटर अरुंद आणि वळणाचे आहेत.

गावाच्या वेशीवर तिकीट आहे. परदेशी माणसाला दर जास्त, आणि तो वाढत आलेला आहे. पावती घ्या. हा पैसा जिल्हा प्रशासन आणि गावातल्या संस्थांमध्ये वाटला जातो, सुबाकचाही त्यात वाटा असतो. रोख जवळ ठेवा. गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका.

गावात चालताना

खाचरांमधून रंगांनी खुणा केलेल्या पायवाटा आहेत, तासाभराच्या फेरीपासून तीन-चार तासांच्या चालीपर्यंत. बहुतेक जण रस्त्यालगतच्या हॉटेलात बसून, फोटो काढून निघतात. निदान दीड-दोन तासांची वाट घ्या. पाटांचं वळण, वाटणीच्या खाचा, कोपऱ्यातलं देवळाचं छोटं ठाणं हे सगळं चालल्याशिवाय दिसत नाही. खुणेची वाट सोडून बांधावर उतरू नका. बांध मातीचा असतो, तो खचला तर खालच्या खाचराचं पाणी जातं आणि दुरुस्ती शेतकऱ्याच्याच गळ्यात येते.

देवळात जाताना कमरेला सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) आणि वर पट्टा हवा. मासिक पाळीत बायकांनी आत येऊ नये अशी पाटी बहुतेक देवळांबाहेर असते. रस्त्यावर, उंबऱ्यावर फुलांच्या छोट्या परड्या ठेवलेल्या दिसतील, त्या ओलांडू नका. भेटल्यावर ‘ओम स्वस्तिअस्तु’ म्हटलंत की समोरचा चेहरा खुलतो. मोठ्या माणसाला नावाआधी ‘पाक’ किंवा ‘इबू’ लावा. शेतात काम करणाऱ्याचा फोटो विचारून काढा, आणि विधी चालू असेल तर ड्रोन खिशातच राहू दे.

शक्य असेल तर एक रात्र राहा. मोजकीच घरगुती निवासस्थानं आहेत, संध्याकाळी दिवसपाळीचे पर्यटक गेले की गाव आपलं आपल्याला मिळतं. स्वेटर हवा.

शाकाहारी लोकांसाठी: लाल तांदळाचा भात, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, पालेभाजी सगळीकडे मिळते. अडचण अदृश्य गोष्टींची. मिरचीच्या ठेच्यात ‘तेरासी’ म्हणजे सुकट वाटून केलेला गोळा असतो, आणि भाजीत चिकनच्या अर्काची पूड. ‘वेज’ म्हणून भागत नाही. ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी, तान्पा तेलुर’ (मांस, मासे, तेरासी, अंडं नको) असं सगळं मोजून सांगा. भाजलेल्या लाल तांदळाचा चहा नक्की प्या, आणि तांदूळ किंवा चहा घ्यायचा तर रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या टपरीवरून घ्या.

आता गुंतवणूक

माझं मत सुरुवातीलाच सांगतो: जातिलुविहमध्ये जमीन घेण्याचा विचार सोडून द्या. तिथे विकण्याजोगं जे मोलाचं आहे, ते जमिनीच्या तुकड्यात नाही. पाणी, वेळापत्रक आणि शेकडो घरांचा करार यांमुळे तो उतार तसा दिसतो. त्यात एक व्हिला उभा राहिला की पाट अडतो, आणि दहा उभे राहिले की बघायला कुणी येत नाही.

पहिली पायरी, कायदा. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूळ जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. परदेशी रहिवाशाला वापराचा हक्क, आणि तिथे नोंदवलेल्या परदेशी भांडवलाच्या कंपनीला बांधकामाचा मुदतबंद हक्क मिळू शकतो. दोन्ही ३० वर्षांचे, पुढे वाढवता येणारे. दलाल तिसरा रस्ता सुचवतील: एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्या आणि आपसात करार करून ठेवा. असा बेनामी व्यवहार त्याच कायद्याने रद्दबातल ठरतो. उद्या तो माणूस किंवा त्याचे वारस फिरले तर कोर्टात तुमची बाजूच उभी राहत नाही.

शेतजमिनीला आणखी एक कुंपण आहे. १९६१ च्या नियमानुसार शेतजमीन धारण करणाऱ्याने त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहिलं पाहिजे, म्हणजे जकार्ताचा श्रीमंतसुद्धा कागदोपत्री अडतो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना यात नवल वाटू नये.

दुसरी पायरी, पट्टा. जमीन कुठल्या आरक्षणात येते ते जिल्हा कार्यालयातून लेखी घ्या. २००९ च्या कायद्याने संरक्षित अन्नधान्य शेतजमीन आणि नंतरच्या नियमांनी संरक्षित भातशेती ठरवली गेली आहे; ती बिगरशेती करणाऱ्याला तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे. शिवाय वारसा क्षेत्राचे निर्बंध वेगळे. ‘शेजारी हॉटेल आहे, म्हणजे चालतं’ हा युक्तिवाद इथे फार महागात पडलाय. डिसेंबर २०२५ मध्ये प्रांताच्या समितीने जातिलुविहमधली १३ बांधकामं नियमबाह्य म्हणून सील केली. त्यावर काही शेतकऱ्यांनी स्वतःच्याच खाचरांत पत्रे उभे करून निषेध केला. त्यांचं दुखणं खरं आहे: बघायला जग येतं, मिळकत इतरांकडे जाते, आणि आपल्या जमिनीत छोटी टपरी टाकायलाही बंदी. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असताना मध्ये परक्याचा पैसा अडकणं म्हणजे काय, हे कल्पनेनेच जाणा.

तिसरी पायरी, माणसं. बालीत गावाला दोन कारभार असतात. सरकारी गावाचा प्रमुख पेरबेकेल. त्याच्याकडे दाखले, गावनिधी, गावाच्या मालकीचा उद्योग. परंपरागत गावाचा प्रमुख बेंदेसा. त्याच्याकडे देवळं, रूढी, सामायिक जमीन. जातिलुविहमध्ये अशी परंपरागत गावं दोन आहेत. तिसरा पेकासेह, पाण्याचा धनी. आणि चौथी, पर्यटनाची व्यवस्था बघणारी समिती. यातल्या एकाचीच सही घेऊन काम सुरू केलं तर बाकीचे तीन नंतर आठवण करून देतात. भेटायला जाताना क्रम माझ्या मते असा ठेवा: आधी पेकासेह, मग बेंदेसा, मग पेरबेकेल. दलाल नेमका उलटा क्रम सांगतो, कारण कागद पेरबेकेलकडे असतात.

चौथी पायरी, आकडे. जमीन ‘आर’ मध्ये मोजतात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या गुंठ्याच्या जवळपास तेवढाच, त्यामुळे हिशेब डोक्यात करता येतो. भाडं बहुधा ‘एका आरला एका वर्षाचं’ असं सांगतात आणि पूर्ण मुदतीची रक्कम आगाऊ मागतात; भाव ऐकताना तो एकूण आहे की वार्षिक, हे दोनदा विचारा. परदेशी भांडवलाची कंपनी काढायची तर एका व्यवसायात एका ठिकाणी, जमीन-इमारत वगळून, १० अब्ज रुपियाहपेक्षा जास्त गुंतवणुकीचा आराखडा लागतो, म्हणजे साधारण सव्वापाच कोटी रुपये. छोटी घरगुती निवासस्थानं हा धंदा स्थानिकांसाठी राखलेला आहे. पर्यटक व्हिसावर राहून हॉटेल चालवणं, गाइडगिरी करणं हे बेकायदेशीर काम धरलं जातं आणि त्यासाठी माणसं परत पाठवली जातात.

मग उरतं काय? बरंच उरतं, फक्त ते सिमेंटचं नाही.

महाराष्ट्रातून सहली नेणाऱ्यांसाठी सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे गाव हे मुक्कामाचं ठिकाण करणं. त्यासाठी इंडोनेशियात कंपनी लागत नाही; तिथल्या परवानाधारक पर्यटन संस्थेशी करार आणि परवानाधारक स्थानिक गाइड पुरतो. दोन तासांच्या थांब्याऐवजी एक रात्र, जेवण गावच्या घरात, सकाळी शेतकऱ्याबरोबर चाल. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या अभ्यास सहलींना तर हे गाव खासच योग्य आहे. भंडारा-गोंदियाच्या भात उत्पादकाला किंवा पाणीवापर संस्थेच्या पदाधिकाऱ्याला पेकासेहशी तासभर बोलायला मिळालं तर तो सिंगापूरच्या मॉलपेक्षा जास्त काही घेऊन येईल. चांगला दुभाषा मात्र हवा.

दुसरा मार्ग मालाचा. शेतकरी गटाशी हंगामाआधी ठरलेल्या भावाने लाल तांदळाची खरेदी, दळण-प्रतवारी-पॅकिंगची यंत्रं, चहासारखी उत्पादनं. हे गावच्या उद्योगामार्फत किंवा सहकारी संस्थेमार्फत करा आणि ग्राहक बालीतच, दक्षिणेतल्या हॉटेलांत शोधा. भारतात तांदूळ आणून विकण्याचं स्वप्न आयात शुल्क आणि वनस्पती तपासणीच्या नियमांपुढे टिकत नाही. बियाण्याचं भात पिशवीत घालून आणण्याचा मोहही टाळा.

कराराआधी गटाला हे विचारा. गेल्या हंगामात किती क्षेत्रावर लाल वाण होतं? शेतकरी स्वतः कसतो की वाटेकरी कसतो, आणि वाटेकऱ्याला भाववाढीतला किती हिस्सा मिळेल? सेंद्रिय म्हणता त्याचं प्रमाणपत्र कुणाचं आणि कधीपर्यंतचं? पाणी कमी पडलं त्या वर्षी पाळी कशी बदलली? तरुण किती उरलेत शेतात? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी हसून विषय बदलला जातो, आणि तेच उत्तर समजायचं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: थोडे रोपं टाकताना, थोडे भात पोटरीवर आल्यावर, बाकी वजन झाल्यावर. प्रत्येक वेळी पावती गटाच्या नावाची घ्या, एकट्या माणसाच्या नावाची नको. करार इंडोनेशियाच्या भाषेत असावा आणि नोटरीपुढे व्हावा. तुमच्या हातात भाषांतर असलं तरी वादात मूळ भाषेचाच मजकूर धरला जातो. आणि वितरणाची तारीख घालताना विधींचं वेळापत्रक पेकासेहकडून आधी मागून घ्या, कारण भात कोठारात ठेवल्यावरचा विधी होईपर्यंत ते बाहेर काढत नाहीत.